आय तीन की आय पाच

चांगदेवनाना चौसष्टाव्या वर्षी घरात तिसरी आय आणतोय, ही बातमी आमच्या आळीत मंगळवारी सकाळी साडेआठला आली आणि नऊच्या आत मासळीवालीच्या टोपलीत बसून पुढच्या गावाला गेली. आणली ठमीआत्याने. ठमीआत्या नानाच्या कुंपणापलीकडे राहते. सत्तरीची आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण कान असे की पलीकडच्या घरात कुणी आमटी आळणी झाली म्हणून नुसतं तोंड वाकडं केलं तरी तिला ऐकू येतं. तिने नानाला कुंपणाशी उभं राहून फोनवर मुलाशी बोलताना ऐकलं होतं, शब्द न शब्द.

"तिसरी आय आनू का पाचवी, ते तूच सांग दिपेश. तिसरीवर भागत असल त पाचवीवर कनाला पैसं घालू?"

आता आम्हा आगऱ्यांच्या घरांत आय म्हणजे आई. नानाची बायको जाऊन सहा वर्षं झाली. बाप मुलाला विचारतोय, तुला तिसरी आई आणू का, आणि तीही पैसे घालून, असा अर्थ ठमीआत्याने काढला तर तिची काय चूक? मीही तो तसाच उचलला आणि तीन घरी पोचवला. शेजारधर्म म्हणून काही असतं. दुसरी आय कधी येऊन गेली, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही. उलट दुपारपर्यंत तिचं माहेर पेणला असल्याचंही कळलं.

शेवटी मीच गेलो विचारायला. नाना ओट्यावर कपाळाला हात लावून बसला होता.

"नाना, मुहूर्त कवाचा?"

"सोमवारचा," नाना म्हणाला. "पन काय ठरतच नाय रे बुधाजी. वैताग आलाय नुसता."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातावर ठेवला. कागद कसल्याशा ऑफिसचा होता, इंग्रजीत होता, आणि त्यावर लिहिलं होतं की लॅपटॉप आय थ्री किंवा त्यापुढचा, आय फाइव्ह असल्यास उत्तम. लॅपटॉप! नाना लॅपटॉप घेत होता. इंग्रजी आकड्याआधीचा तो 'आय' त्याने आपल्या घरच्या हिशेबाने वाचला, आणि ठमीआत्याने तो आमच्या गावच्या हिशेबाने ऐकला.

मी त्याच तीन घरी जाऊन खरी बातमी सांगितली. कुणी ऐकून घेतली नाही. खोट्या बातमीला पाय असतात, खरीला आपणच खांद्यावर घेऊन हिंडावं लागतं.

तर प्रकरण असं होतं. लॅपटॉप हवा होता नानाच्या सुनेला, अमिषाला. ती एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करायची. कुठल्या कंटेनरात काय भरलंय, कुठल्या बोटीने जाणार, कोणत्या कागदावर कोणाची सही, सगळं तिच्या बोटांवर. मुलगी झाली आणि तिने काम सोडलं. मुलगी आता सव्वा वर्षाची. ऑफिसने परत बोलावलं होतं, आणि तेही घरी बसून काम करायला. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा आणि सोमवारी सकाळी नऊला सुरुवात. नाहीतर त्या जागेसाठी दुसरी मुलगी तयारच होती. दिपेश, म्हणजे अमिषाचा नवरा, ट्रेलर घेऊन गुजरातेतल्या मुंद्रा बंदराच्या वाटेवर. म्हणून नाना म्हणाला, पैसे मी देतो, तीस हजारांपर्यंत. आणि पैसे मी देतो म्हणजे निवडणारही मीच.

इथेच सगळ्यांची साडेसाती सुरू झाली.

नानाला तुम्ही ओळखत नाही म्हणून सांगतो. हा माणूस तीस वर्षं मिठागरावर मुकादम होता. मीठ तयार झालं की नाही हे तो मुठीत घेऊन, चोळून, कानाशी नेऊन सांगायचा. मिठागरावर पुढे भराव पडला, आता तिथे कंटेनरांच्या चळती उभ्या आहेत, पण नानाची मूठ काही उघडली नाही. छत्री घ्यायला गेला तरी तो काड्या हातात चोळतो. आणि दुनियेतल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्याचा एकच प्रश्न असतो: "खारात किती टिकल?" बादली असो, पंखा असो, चप्पल असो. दिपेशसाठी रोह्याला अमिषा बघायला गेला, तेव्हा सगळे मुलीचं शिक्षण विचारत होते आणि हा तिच्या बापाला विचारत होता, "तुमच्याकडं घराचे पत्रे किती वर्सांनी बदलतात?" 'पंधरा' असं उत्तर आल्यावर हा रोह्याकडे जरा हेव्याने बघायला लागला.

त्याचंही अगदीच खोटं नाही. आमचं गाव खाडीला टेकून. नानाच्या घराची मागची भिंत तर खाडीशी बोलतच असते. खाऱ्या वाऱ्याने त्या घरातले तीन टीव्ही, दोन मिक्सर आणि एक इन्व्हर्टर खाल्ला. खिडकीचे गज बिस्किटासारखे तुटतात. पण म्हणून काय माणसाने घरात काही आणूच नये?

बुधवारी संध्याकाळी नानाच्या ओट्यावर सल्लागार जमले. सल्ला द्यायला आमच्या गावात कुणाला बोलवावं लागत नाही. ओंकार आला. हा हळदीचे व्हिडिओ काढतो, ड्रोन उडवतो, आणि नवरदेवाच्या मागे इंद्रधनुष्य टाकून देतो. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं, असं त्याचं मत आहे.

"नाना, गेमिंगचा घ्या," ओंकार म्हणाला. "बटणांखाली लाइट असतात, लाल, निळे. पहिलं काय बघायचं, ग्राफिक कार्ड."

"कसला कार्ड? आमच्याकडं केशरी हाय."

"रेशनचं नाही हो नाना! आणि पुढचं ऐका, नुसतं आय थ्री, आय फाइव्ह बघून चालत नाही. जनरेशन बघावी लागते. आठव्या जनरेशनच्या खालचा हातात धरू नका."

"जनरेशन म्हंजी?"

"पिढी."

"आठवी पिढी?" नाना उसळला. "मना माज्या आज्याच्या मागं कोन व्हता ते म्हाईत नाय, नि त्या डब्याच्या आठ पिढ्या मी कोनाला इचारू?"

मी म्हटलं, टॅब घे, स्वस्तात पडेल. ठमीआत्या कुंपणापलीकडून म्हणाली, घरात लहान पोर आहे, तर म्हैस घे. असा दीड तास गेला. अमिषाला काय हवं, हे कुणीही विचारलं नाही. यात मीही आलो. ती आतून चहा तेवढा देत राहिली, आणि चौथ्या खेपेला तोही कोरा आला, तेव्हा आम्ही उठलो.

गुरुवारी नानाने मला स्कूटरवरून पनवेलला नेलं. म्हणजे स्कूटर माझी, पेट्रोल माझं, आणि नेलं त्याने. भलंमोठं दुकान होतं, आत गार हवा, टेबलावर ओळीने लॅपटॉप उघडून ठेवलेले, जसे काही सगळे दाताच्या डॉक्टरकडे बसलेत. एक तरुण विक्रेता हसत पुढे आला.

"काका, बजेट किती?"

"तीस. पन आदी हे सांग, खारात किती टिकल?"

"एक वर्षाची वॉरंटी आहे, काका."

"मी वारंटी नाय इचारली. खार इचारला."

"काका, हा बघा, एकदम स्लिम. फक्त सव्वा किलो."

"सव्वा किलो मीठ त मी मुठीत उचलतो. ही खालती भोकं कनाला?"

"हवेसाठी. आत छोटा पंखा असतो."

"म्हंजी खारी हवा आपून व्हऊन आत घ्यायची?" नानाने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही तो कारखाना मीच काढलाय. "बुध्या, आयकलंस? पंखा लावून आत घेतात."

विक्रेत्याने आपल्या वरच्याला बोलावलं. वरच्याने मेमरी सांगितली, डिस्क सांगितली, आय थ्री नवाकोरा मिळेल पण आय फाइव्ह इतक्या पैशात नवा मिळणार नाही, हेही सांगितलं. नानाने प्रत्येक लॅपटॉप उलटा करून त्याची भोकं मोजली. दोन तास! माझ्या पायांत गोळे आले. आजूबाजूची गिऱ्हाईकं आमच्याकडे बघायला लागली. एका बाईने तर आपल्या मुलाला सांगितलं, तिकडे जाऊ नकोस.

आणि मग कोपऱ्यात नानाला तो दिसला. लहानसा, वीस हजारांचा, आणि खाली एकही भोक नाही. पंखाच नाही आत. नानाचा चेहरा असा खुलला की सहा वर्षांत मी तसा बघितला नव्हता.

"ह्यो बंद डबा," नाना म्हणाला. "ह्यात खार शिरायचाच नाय. काढ बिल."

खरं सांगतो, मी एका शब्दाने विचारलं नाही. मला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "घे नाना, देवाचं नाव घे आणि घे." विक्रेत्याने बिल करायला घेतलं, नानाने पैशाची पुडी सोडली, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. अमिषा.

"काका, बाबा काही घेत असतील तर आधी विचारा, विंडोज आहे ना? आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर त्याशिवाय उघडत नाही."

मी विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही नाही, हा वेगळा. यात सगळं नेटवरच चालतं. शाळेच्या मुलांना फार छान."

मी फोन स्पीकरवर टाकला. अमिषा शांतपणे म्हणाली, "नको."

"पन पोरी, ह्याला भोकं नायत!"

"बाबा, खार आत जाऊ नये ते ठीक, पण माझं काम तरी आत जायला हवं ना?"

पुडी परत बांधली. परतीच्या वाटेवर जासईला आल्यावर नाना बोलला, "डबा चांगला व्हता." मी स्कूटर जरा जोरात खड्ड्यातून नेली.

शुक्रवार नुसता वाया गेला. नाना घरात बसून उपाय शोधत होता. कोणताही लॅपटॉप आणला तरी काम झाल्यावर तो तांदळाच्या डब्यात ठेवायचा, ही त्याची दुपारची योजना. खिडक्या कायमच्या बंद करून टाकायच्या, ही संध्याकाळची. मी तेव्हा त्यांच्याकडे साखर मागायला गेलो होतो, असं आपण म्हणू. अमिषा मुलीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नाना तिला विचारत होता की तांदूळ जुना बरा की नवा.

तेव्हा तिचा बांध फुटला.

"बाबा, मंगळवारपासून तुम्ही त्या लॅपटॉपच्या मरणाची चिंता करताय. त्याला आधी घरात तर येऊ द्या! सोमवारी नऊला मी बसले नाही तर त्या जागेवर दुसरी बसेल. मग वीस वर्षं टिकणारा लॅपटॉप आणून मी काय करू, त्यात मीठ भरू?"

घरात सुई पडली असती तर ठमीआत्याला ऐकू गेली असती. तीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाशी असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता पातेली उडणार. साखरेची वाटी मी छातीशी धरली.

नानाने तांदळाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मंग उद्या तू चल."

एवढंच. हे चार शब्द मंगळवारी सुचले असते तर माझं पेट्रोल वाचलं असतं.

शनिवारी मुलगी आमच्या हिच्याकडे ठेवली आणि आम्ही तिघं उरणच्या बाजारात गेलो. अमिषाने सरळ हरेश्वरच्या दुकानात नेलं. हरेश्वर बंदराकडच्या ऑफिसांतले, यार्डांतले काढून टाकलेले लॅपटॉप विकत घेतो, उघडतो, साफ करतो, लागेल ते बदलतो आणि विकतो. दुकान एवढंसं, की एकाने आत जायचं असेल तर दुसऱ्याने श्वास सोडायचा. नाना पायरीवरच अडला.

"जुना? सुनेला जुना देऊ? लोकां काय म्हनतील?"

"लोकांना सोमवारी ऑफिस नाही, बाबा," अमिषा म्हणाली आणि आत गेली.

नानाने पायरीवरूनच आपला प्रश्न फेकला. "खारात किती टिकल?"

हरेश्वरने मान वर केली नाही. हातात स्क्रू होता, तो नीट ठेवला आणि विचारलं, "कुठल्या खारात? घर खाडीला लागून आहे, की रस्त्याकडे?"

आठवड्यात पहिल्यांदाच नानाच्या प्रश्नाला कुणी प्रश्न केला होता. नाना आत आला आणि न सांगता स्टुलावर बसला. मी पायरीवर, श्वास सोडून.

"खाडीला लागून," नाना म्हणाला. "मागची भिंत खाडीतच."

हरेश्वरने दोन लॅपटॉप काढले. दोन्ही जाड, काळे, रूपाने अगदी पोलिसचौकीतले. "हा वाशीच्या एका ऑफिसातला. गार हवेत राहिलेला, चकचकीत. आणि हा यार्डाच्या गेटवरचा. पत्र्याच्या केबिनमध्ये होता, खिडकी चोवीस तास उघडी. चार वर्षं."

"खोल," नाना म्हणाला.

हरेश्वरने दोन्हींची खालची झाकणं काढली. नानाने चष्मा लावला. स्क्रू तळहातावर घेतले, मुठीत धरले, चोळले, उजेडात नेले. वाशीवाल्याच्या चार्जिंगच्या जागेशी हिरवट बुरा धरला होता, आणि एका स्क्रूच्या डोक्यावर तांबूस ठिपका. गेटवाल्याच्या आत धूळ होती, पण गंज नाही. स्क्रू तसेच्या तसे.

"ह्यो," नाना म्हणाला.

मी न राहवून म्हटलं, "नाना, आठवडाभर नवा नवा करत होतास, आणि आता जुना?"

"नव्याचा काय म्हाईत मना? त्यानं आजून खार बगितलाच नाय. ह्यानं चार वर्सं खाल्ला नि पचवला."

अरे, हे एवढंच होतं तर! पण पुढचं त्याला कळणारं नव्हतं, ते अमिषाने केलं. तिने लॅपटॉप सुरू केला, मोबाइलवरून नेट जोडलं, आपल्या ऑफिसचं सॉफ्टवेअर तिथेच उतरवून घेतलं आणि उघडून बघितलं. ते उघडलं तेव्हा तिने असा श्वास सोडला की मला आत जागा झाली. मग कॅमेरा बघितला, बटणं एकेक दाबली. बरीच अक्षरं पुसट झाली होती. ती म्हणाली, मला बघून टाइप करावं लागत नाही. बॅटरी चाळीस मिनिटांत बसते हे कळल्यावर म्हणाली, "नवी घालून द्या, आणि सहा महिन्यांची हमी कागदावर." हरेश्वर कुरकुरला. तिने बिलाचा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि पेनही दिलं. कंटेनरवाल्यांकडून सह्या काढणारी बाई ती. त्याने लिहिलं.

"ही कितवी आय?" नानाने हळूच विचारलं.

"पाचवी, बाबा. आणि पिढी आठवी."

नव्या बॅटरीसकट पंचवीस हजारांत काम झालं. नानाने पैसे दिले आणि झाकणाचे काढलेले सगळे स्क्रू हरेश्वरने परत नीट लावलेत की नाही, हे दोनदा बघितलं.

सोमवारी नऊला मी सहज त्यांच्याकडे गेलो. सहजच. मला चहाच्या वेळेचा अंदाज नसतो. अमिषा खाडीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीशी टेबल लावून बसली होती, कानाला हेडफोन, बोटं अशी चालत होती की पुसट अक्षरंही लाजावीत. "यस सर, ड्राफ्ट दहा मिनिटांत पाठवते," ती म्हणाली. मागच्या खिडकीला नानाने प्लॅस्टिकचा कागद ठोकला होता. आणि नाना स्वतः नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर पहारा देत होता. ठमीआत्याने कुंपणापलीकडून भाजीवाल्याला हाक मारली, तर हा तिच्यावर खेकसला, "आते, हलू! आमच्याकडं हापिस चालू हाय!"

बिचारी ठमीआत्या! सत्तर वर्षांत तिला हळू बोल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ती भाजीवाल्याशी खुणांनी बोलायला लागली.

आता एवढं सगळं नीट झाल्यावर मी गप्प बसायचं की नाही? पण आठवडाभराचे माझे पाय, माझं पेट्रोल, पनवेलच्या त्या बाईची नजर, सगळं एकदम जिभेवर आलं. मी ओट्याशी उभा राहून, आत ऐकू जाणार नाही इतपत आवाजात म्हटलं, "काय नाना, तीस हजार खिशात घेऊन हिंडलास, अख्खं पनवेल उलटं करून भोकं मोजलीस, आणि शेवटी सुनेला आणलंस काय? दुसऱ्याने चार वर्षं वापरून टाकलेला, अक्षरं उडालेला जुना माल! गावात विचारलं तर सांगू काय मी?"

नानाने नातीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "सांग, तुज्या बायकोला इचारून घेतला. तिच्याकडं बावन्न वर्सांचा जुना माल हाय. बॅटरी नाय, पडदा धूसर, कामाचं कायबी उगडत नाय, नुसता स्पीकर तेवरा चालू. तरी ती चालवतेच ना?"